खंडेनवमीची मोकळी डिस्क

धाराशिव,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

ती. स्व. मामा,

पत्राची सुरुवात साष्टांग नमस्कारानं करायची, ही शिस्त मी ईट गावी तुमच्याकडं शिकायला होतो तेव्हा तुम्हीच कान पिळून लावली, म्हणून तो आधी घ्या. तसा गेले बारा दिवस मी आमच्या हॉस्पिटलातल्या सर्व्हरच्या खोलीत फरशीवर पालथाच असतो, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा आहे असं समजू नका (तोंड ईटकडं नसून भिंतीतल्या प्लगाकडं असतं, तेवढं माफ करा). तुमचा गुडघा कसा आहे? दैवशाला मामींची शुगर आटोक्यात आली, का अजून त्या पेढ्याचा डबा पिठाच्या डब्यामागं ठेवतात? विहिरीचं पाणी निवळलं का? फोन का केला नाहीस, असं म्हणाल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही तो स्पीकरवर लावता, आणि मग मी काय बोललो ते तुम्हाला सोडून अख्ख्या गल्लीला कळतं. मला जे सांगायचंय ते गल्लीला सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र आपल्या बलभीम कंडक्टरच्या हाती देणार आहे. सध्या तो मुक्कामाच्या गाडीवर आहे आणि मुक्काम तुमच्याच गावात असतो.

आता आईचं. तुमची बहीण बसून खोकते, उभी राहून खोकते, आणि विचारलं की खोकत नाही म्हणते. तीन वर्षांखाली तुम्हीच तिला घेऊन आमच्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन काढायला आला होता. तेव्हा फुप्फुसात एक लहान ठिपका दिसला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, असू द्या, नजर ठेवू. नजर कुणी ठेवायची हे कुणी विचारलं नाही, आणि आपण सगळ्यांनी तीन वर्षं दुसरीकडं नजर ठेवली. गेल्या आठवड्यात पुन्हा फोटो काढला. ठिपका आहे. सोलापूरहून दर शुक्रवारी छातीचे डॉक्टर येतात, ते म्हणाले, जुना फोटो आणा. तेव्हा होता तेवढाच आज असेल तर ती जुनी खूण, सोडून द्या. वाढला असेल तर सोलापूरला नेऊन पुढचं सगळं करावं लागेल. दमा असलेल्या बाईच्या छातीत उगाच सुई घालायची माझी तयारी नाही, असंही म्हणाले (जुन्या रिपोर्टच्या कागदावर नुसतं ‘लहान’ एवढंच लिहिलंय, मापाला फोटोच लागतो). म्हणजे येत्या शुक्रवारी तो जुना फोटो डॉक्टरांपुढं ठेवायचाय, आणि तो फोटो मी पुसून टाकलाय. हॉस्पिटलात शंभरावर माणसं कामाला आहेत, मामा, पण हे काम माझ्याच हातून व्हायचं होतं.

कसा पुसला ते सांगायचं तर आधी मी नोकरी काय करतो ते सांगावं लागेल. तुम्ही गावात सांगता की आमचा उत्तरेश्वर हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर असतो, आणि त्यावरून आजवर तिघांनी माझ्याकडं प्रिंटर दुरुस्तीला आणलेत आणि एकानं मिक्सर. मी त्यातलं काही करत नाही. आमच्याकडं लोखंडी कपाटाएवढं एक युनिक्सचं मशीन आहे. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं नवं घेतलं तेव्हा हे जुनं आमच्या ट्रस्टला दान केलं. पेटी एकच, पण तिच्या पोटात सहा मशिनी आहेत, आणि त्या सहाही खोट्या. म्हणजे काम खरं करतात, केसपेपरची एक, लॅबची एक, औषधांची एक, फोटोंची एक, अशा; पण एकीलाही स्वतःची डिस्क नाही की नेटवर्कचं कार्ड नाही. आहे असं त्यांना नुसतं भासवलेलं असतं. खऱ्या डिस्का आणि खरी कार्डं दोघा कारभाऱ्यांच्या ताब्यात. त्यांची इंग्रजी नावं लांबलचक आहेत, आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. हे दोघं आपल्याजवळचं खरं सामान तोडून तोडून सहा जणींना देतात आणि प्रत्येकीला वाटतं, हे माझंच आहे.

दोघं कशाला, असं विचाराल. तुमच्या विहिरीवर दोन मोटारी आहेत ना, एक जळाली तरी रान तहानलेलं राहू नये म्हणून? तसंच. थोरला पडला तर धाकट्यानं पुरवठा करायचा. पण त्यासाठी प्रत्येक डिस्कची जोडणी दोघांकडूनही केलेली पाहिजे, हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. नेटवर्कचं मात्र उलटं असतं. तिथं एका वेळी एकानंच कारभार करायचा, दुसऱ्यानं गप बसायचं, आणि तू जिवंत आहेस का, हे दोघांनी एकमेकांना एका खाजगी तारेवरून घडीघडी विचारत राहायचं. ती तारही खोटीच. तर ही सगळी खोटी सामानं खरी असल्यासारखी सांभाळायची, ही माझी नोकरी. आईला हे एकदा तासभर समजावून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, मंग तू तिथं दिवसभर बसून काय करतूस? मी म्हणालो, काही होऊ नये म्हणून बसतो. तिला ते पटलं होतं, आणि आजपर्यंत मलाही.

आता खंडेनवमीकडं येतो. आमचे चेअरमन अमरसिंह अण्णा माणूस म्हणून वाईट नाहीत. अडल्यानडल्या पेशंटला स्वतःच्या गाडीतून घरी सोडतात. पण नवरात्रात त्यांच्या अंगात एक उत्साह येतो. खंडेनवमीला हॉस्पिटलातली झाडून सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि त्या दिवशी त्यांना राबवायचं नाही, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत (तातडीचं ऑपरेशन आलं तर एक संच बाजूला काढलेला असतो, एवढी अक्कल आहे). दसऱ्याला आमच्या निम्म्या डॉक्टरांच्या शर्टांवर छातीशी कुंकवाचे डाग असतात, कारण स्टेथोस्कोप पुसायला कुणी धजत नाही. यंदा अण्णा सर्व्हरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि आत पंख्यांचा आवाज ऐकून त्यांना भडभडून आलं. वर्षभर राबतंय बिचारं, म्हणाले, ह्याला एक दिवस इसावा न्हाय व्हय? मी म्हणालो, अण्णा, हे बंद केलं तर हॉस्पिटल बंद. तर म्हणाले, दोन कारभारी हायत म्हणतूस ना, एकाला निजव. आणि खरं सांगतो, थोरला निजवल्यावर धाकटा एकटा सांभाळतो का, हे मलाही बघायचं होतं. सात वर्षांत ते करून बघायची माझी छाती झाली नव्हती. सकाळी साडेदहाला थोरला बंद केला, त्याला हार घातला, आणि हॉस्पिटल चालूच राहिलं. लॅब चालू, औषधं चालू, केसपेपर चालू. मी एवढा हरखलो मामा, की पूजेचा नारळ मी स्वतः पाटाच्या कडेला आपटून फोडला.

पूजेनंतर जेवणाला तासभर अवकाश होता आणि मी मोकळा होतो. तिथंच घात झाला. गेले चार महिने फोटोंची जागा भरत आली होती. नवीन डिस्क मागून मागून माझे अर्ज अण्णांच्या टेबलावर पेपरवेटखाली जमले होते. म्हणलं, धाकट्याकडं कुणाच्या नावावर नसलेलं काही पडून आहे का बघावं. त्यासाठी एक आज्ञा असते, ती दिली की मोकळ्या डिस्कांची यादी येते. यादीत एक डिस्क आली. मोठी, धडधाकट, कुणालाच न दिलेली. देवीच्या जिल्ह्यात, नवमीच्या दिवशी, पूजा आटोपल्यावर अर्ध्या तासात मोकळी डिस्क सापडते म्हणल्यावर मला ती भवानीनंच दिली असं वाटलं (मी विज्ञान शाखेचा पदवीधर आहे, हे इथं नमूद करून ठेवतो). ती वापरायला घेतली तर मशीन म्हणालं, ही आधीच कुणाची तरी दिसतेय, तरी पाहिजेच असेल तर सक्तीनं घ्या असं सांगा. मला वाटलं, पुण्याच्या कंपनीचं काहीतरी जुनंपानं राहिलं असेल. सक्तीनं घे म्हणून सांगितलं. नवे फोटो तिच्यावर उतरवायला लावले आणि पुरणपोळी खायला गेलो. दोन खाल्ल्या.

ती डिस्क मोकळी नव्हती. जुन्या फोटोंची होती, तीन-चार वर्षांच्या. तिची जोडणी एकट्या थोरल्याकडून झाली होती, धाकट्याकडून कुणी केलीच नव्हती. त्यामुळं धाकट्याला विचारलं तेव्हा त्याच्या माहितीप्रमाणं ती बेवारस, आणि तो तसं प्रामाणिकपणे म्हणाला. थोरला जागा असता तर तो त्या डिस्कवर मांडी ठोकून बसलेला असता आणि त्यानं मला बोट लावू दिलं नसतं. वर्षातल्या बाकी कुठल्याही दिवशी ही चूक करायची म्हणली तरी करता आली नसती. अण्णांनी आणि मी मिळून तिच्यासाठी एक दिवस तयार केला. बालाजीची वही मी नंतर उघडली (बालाजी म्हणजे माझ्या आधीचा मुख्य, मी त्याच्या हाताखाली होतो, गेल्या वर्षी पुण्याला गेला). त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात तिथं लिहिलेलं होतं, ‘फोटोंची जुनी डिस्क, धाकट्याकडून जोडणी बाकी, सोमवारी करणे.’ कुठल्या सोमवारी ते लिहिलेलं नाही. मी त्याला फोन लावला तर म्हणाला, अरे हां, ते राहिलंच की. त्याच्याकडं पाहुणे आले होते म्हणून जास्त बोलणं झालं नाही.

पण हे सगळं मला त्या दिवशी कळलं नाही, कारण दसरा उजाडला तो याहून मोठा गोंधळ घेऊन. नवमीच्या त्याच मोकळ्या तासात मी आणखी एक सफाई केली होती. धाकट्याकडं एक खोटं नेटवर्क कार्ड दिसलं, त्याला ना पत्ता ना काही काम. अडगळ म्हणून ते काढून टाकलं. तीच ती खाजगी तार. दसऱ्याला सकाळी थोरल्याला उठवला. त्यानं उठल्या उठल्या विचारलं, धाकट्या, आहेस का? उत्तर नाही. म्हणजे धाकटा मेला, असं धरून त्यानं कारभार हातात घेतला. धाकटा मेला नव्हता, तो आदल्या दिवसापासून कारभार करतच होता, आणि त्याच्या हिशोबी थोरला मेलेला. मग दोघंही मालक झाले. एकानं टाकलेला निरोप दुसऱ्यानं उचलायचा, परत पहिल्याकडं टाकायचा, असं गरगर फिरत अर्ध्या मिनिटात सगळं हॉस्पिटल बसलं. रक्ताचे रिपोर्ट अडकले, केसपेपर निघेनात, नवे कपडे घातलेली माणसं पोट धरून रांगेत उभी. नेमके त्याच वेळी अण्णा सोनं वाटत आले. माझ्या हातात आपट्याची पानं दिली, गळाभेट घेतली आणि विचारलं, इसावा मानवला का रं यंत्राला? मी पानं खिशात घातली आणि फरशीवर आडवा होऊन धाकट्याची केबल उपटली. तो माझा पहिला साष्टांग.

तिसऱ्या दिवशी सीटी स्कॅनच्या खोलीतली अर्पिता आली. ती फोटो काढते आणि मोजमाप करून डॉक्टरांपुढं ठेवते. शांत मुलगी आहे, आवाज चढवत नाही. म्हणाली, सर, जुने फोटो उघडत नाहीत, एकही. मी म्हणालो, बघतो. बघितलं. मग मी बालाजीची वही शोधून काढली.

तुम्ही म्हणाल, शहाण्या, नक्कल ठेवत नाहीस का? ठेवतो. टेपांवर ठेवतो, जुन्या काळच्या गाण्यांच्या कॅसेटीसारख्याच असतात, जरा जाड. अकरा टेपा आहेत, आणि त्याही हत्यारच म्हणून दर नवमीला पाटावर मांडल्या जातात. यंदा सात नंबरची सगळ्यात पुढं होती. अण्णांनी तिला चिमूटभर जास्तच कुंकू वाहिलं आणि नारळाचं पाणी उडालं ते तिच्यावर. नारळ कुणी फोडला ते वर लिहिलंच आहे. दहा टेपा मुकाट्यानं चालल्या, त्यांच्यावरचे फोटो परत आले. सातवी आत घातली की यंत्र घरघर करतं, विचार केल्यासारखं थांबतं आणि बाहेर ढकलतं. मी तिला स्पिरिटनं पुसली, कापसाच्या काडीनं कुंकवाचा कण न् कण टिपला, पंख्याखाली वाळवली, दुसऱ्या यंत्रात घातली. अण्णांचं म्हणणं, देवीचं कुंकू लागल्याली टेप बिघडतच न्हाय, तुझीच काहीतरी चूक हाय. दोन्ही गोष्टींतली दुसरी बरोबर असल्यामुळं मी वाद घातला नाही. शुक्रवारपर्यंत टेप चालली नाही तर दुसरीकडं नोकरी बघ, असंही त्यांनी लेखी दिलंय. कागदावर श्री लिहून खाली दिलंय.

सात नंबरवर एकसष्ट पेशंटांचे फोटो. अण्णांनी यादी हातात ठेवली आणि म्हणाले, एकेकाला फोन लाव, फिल्म नाहीतर सीडी घरी असंल तर आणाया सांग. मामा, असले फोन करायची पाळी कुणावर येऊ नये. पहिल्याच घरी मी तयारी करून म्हणालो, तुमच्या वडिलांचा जुना फोटो आमच्याकडून गेला. पलीकडची बाई म्हणाली, वडीलच गेले की वो, फोटोचं काय घेऊन बसलाव. एकसष्टापैकी सतरा वारलेले निघाले. सतरा घरांत मी मेलेल्या माणसाची तब्येत विचारली. एका म्हाताऱ्यानं तर, बायकोचा सापडला तर मलाच द्या, तिचा दुसरा फोटोच न्हाय माझ्याकडं, म्हणून सांगितलं. तो छातीच्या आतला असतो, तोंडाचा नसतो, हे सांगायला मला जमलं नाही, हो म्हणालो. लोहाऱ्याचे एक गृहस्थ जिवंत निघाले तेव्हा मला एवढा आनंद झाला की त्यांना शंका यायला लागली. त्यांनी आपली सीडी पेरूच्या झाडाला टांगली होती, पाखरं भ्यावीत म्हणून. पाखरं आता तिच्यावरच बसतात म्हणाले. शेवटी ज्यांना आज खरंच जुना फोटो लागणार आहे असे चौघंच उरले. तिघांच्या घरी फिल्मा मिळाल्या. चौथं नाव यादीत बेचाळिसावं आहे, सारजाबाई, मुक्काम जळकोट (पत्ता अजून आमच्या गावाकडचाच राहिलाय). त्या नावापुढं नंबर माझाच दिलेला आहे. मी तो लावून बघितला नाही.

आईला यातलं अर्धंच माहीत आहे. टेप चालली नाही तर माझी नोकरी जाईल, एवढं तिला कळलंय, आणि ती त्याच काळजीत खोकते. संध्याकाळी मी घरात पाय ठेवला की विचारते, बोलली का रं तुझी टेप? तिनं तुळजापूरला टेपेच्या नावानं नवस बोललाय. त्या टेपेवर तीच आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणून परवा समोर बसलो, तर तिनं माझ्या डोक्याला तेल लावायला घेतलं, यंत्रापायी केस गळाले लेकराचे म्हणून. मी पन्नाशीकडं झुकलोय मामा, आणि मी घाबरलोय. एवढं घाबरलेलं मला आठवत नाही. दिवसभर लोकांना हसत हसत सांगतो की होऊन जाईल, आणि मग जिन्यात जाऊन तीच टेप पुन्हा पुसतो.

असो. कागद संपत आला आणि बलभीमची गाडी उद्या संध्याकाळची आहे. मामींना हे पत्र आईचा मजकूर गाळून दसऱ्यापर्यंतच वाचून दाखवा, पुढचं अक्षर लागत नाही म्हणा. त्यांच्या पायांवर माझं डोकं, आणि तुमच्या पायांवर तर ते आहेच, वर सांगितलंय त्या फरशीसकट.

तुम्ही ज्याला घरातला हुशार मुलगा म्हणून वाढवलंत तो,
उत्तरेश्वर

ता. क. इतका वेळ इकडचं तिकडचं झालं, खरं काम आता लिहितो. आईच्या त्या जुन्या फोटोची फिल्म होती. मोठी, काळी, चोवीस चौकोनांची. तीन वर्षांखाली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण होतं, तेव्हा गल्लीतल्या पोरांना सूर्य दाखवायला तुम्ही माझ्याकडं जुनी फिल्म मागितली होती, आठवतं? मी तुम्हाला आईचीच दिली. म्हणलं, फोटो काय, मशिनीत सुखरूप आहे. तुम्ही ती कात्रीनं कापून पोरांना एकेक तुकडा वाटलात (तसल्या फिल्मनं सूर्य बघू नये असं मी नंतर वाचलं, पण तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलेलं, तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप बसलो; पोरांचे डोळे धड आहेत ना?). तर माझ्या आईची छाती सध्या ईटमधल्या वीसेक घरांत वाटलेली आहे. ती गोळा करायची आहे. दप्तरात, ट्रंकेत, देवाच्या फोटोमागं, कुठंतरी असेल. सगळे तुकडे मिळाले नाहीत तरी चालेल. ज्या चौकोनात राजगिऱ्याच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसतो तो एक मिळाला तरी पुष्कळ. कडेला मापाची बारीक रेघ छापलेली असते, ती तुमच्या कात्रीतून वाचलेली असली म्हणजे झालं.

आणखी एक ता. क. कारण कुणाला सांगू नका. हॉस्पिटलला नमुना पाहिजे म्हणा. कुणी देत नसेल तर पुढच्या ग्रहणाला मी चांगला चष्मा आणून देतो, असं माझ्या नावानं कबूल करा. गुडघ्याला जपून फिरा, त्या वरच्या गल्लीत चढ आहे. तुकडे वहीच्या पानांत घालून गुरुवारी रात्री बलभीम मुक्कामाला आला की त्याच्याकडं द्या, दुमडू नका.

बुधवार, दुपार. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहितोय. तुकडे शोधू नका. आज बाराच्या सुमारास सात नंबरची टेप आत घातली आणि यंत्रानं ती बाहेर ढकलली नाही. काय वेगळं केलं ते मला सांगता येणार नाही, रोजच्यासारखीच पुसली होती. एकसष्टही फोटो उतरले, एकाही फोटोवर ओरखडा नाही. अर्पितानं आईचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. ठिपका तेव्हा सहा मिलिमीटरचा होता. आता चौदाचा आहे. तिनं दोनदा मोजला, मी तिला तिसऱ्यांदा मोजायला लावला. मामा, फोटो सापडावा म्हणून मी धडपडतोय असं वर पानंच्या पानं लिहिलंय, ते निम्मंच खरं होतं. रोज ती टेप बाहेर आली की मला आतून बरं वाटायचं. जोवर ती चालत नव्हती तोवर तो ठिपका वाढलेला नव्हता.

उद्याच्या पहिल्या गाडीनं या. शुक्रवारी डॉक्टर सांगतीलच, पण त्याआधी तिला घरच्या माणसानं सांगितलं पाहिजे, आणि सोलापूरला चल म्हणल्यावर ती फक्त तुमचंच ऐकेल. माझ्या तोंडून ते निघत नाही. घरी येऊन मी एवढंच म्हणालो की टेप चालली. नोकरी राहिली म्हणून तिनं शिरा केलाय, बदाम घालून. ताट माझ्यापुढं आहे, हे पत्र मी त्याच्या शेजारी लिहितोय, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारतीय, गोड कमी पडलंय व्हय रं, खाईना का झालास.